होतकरू तैलचित्रकारांसाठी कॅनव्हाससिद्धीचा अल्पखर्चिक विधी

तैलरंगात पहिले पाऊल टाकणाऱ्याने सर्वांत आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा. कॅनव्हास हवा आहे तो रंगवण्यासाठी, की भिंतीला टेकवून ठेवण्यासाठी? दोन्ही उपयोग प्रतिष्ठित आहेत, पण माल वेगवेगळा लागतो.

टेकवून ठेवायचा असेल तर बेल्जियन लिनन घ्यावे, तीन फूट बाय चार फूट, आणि किंमत अशी असावी की बिल घरात दाखवण्याची सोय उरू नये. असा कॅनव्हास एकदा घरात आला की त्यावर ब्रश टेकवायची कोणाचीच छाती होत नाही. ‘चांगला विषय सुचू दे’ असे म्हणत म्हणत तो दर दिवाळीच्या साफसफाईत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जातो. पाहुणे चौकशी करतात, आदर वाढतो. चित्र न काढता चित्रकार म्हणवून घेण्याचा इतका खात्रीचा मार्ग दुसरा नाही.

रंगवायचेच असेल, तर मात्र हात आखडता घ्यावा. कुठे आखडायचा हे शिकण्यातच निम्मी विद्या आहे. कापडात काटकसर चालते, लाकडात चालते, आकारात तर जरूर करावी. चालत नाही ती कापड आणि तेल यांच्यामधल्या पांढऱ्या थरात. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते घट्ट होते. या प्रक्रियेत जी आम्ले तयार होतात ती धाग्याला हळूहळू खातात. कोऱ्या कापडावर थेट तैलरंग थापला, तर काही वर्षांनी ते कापड कडक, ठिसूळ होऊन बोटाने तुटू लागते. गंमत म्हणजे लिननचा धागाही जवसाचा आणि तेलही जवसाचे. एकाच खोडाची लेकरे, पण भाऊबंदकी अशी की मध्ये भिंत घातल्याशिवाय एका घरात नांदत नाहीत.

ही भिंत युरोपात पूर्वी सशाच्या कातड्याच्या सरसाने घालत. सरस अजूनही मिळतो. परंतु तो हवेतला ओलावा शोषून फुगतो आणि कोरड्या दिवसांत आक्रसतो. ज्याच्या घरी जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, त्या मुंबईकराने किंवा रत्नागिरीकराने या सरसाच्या नादी लागू नये. 1955 साली लिक्विटेक्सचा ॲक्रिलिक जेसो, म्हणजे या भिंतीचा तयार पांढरा प्रायमर, बाजारात आला तेव्हापासून ससेही सुटले आणि होतकरूही. आता आपल्याकडेही त्याचे डबे रंगसाहित्याच्या दुकानांत सहज मिळतात.

स्वस्त कापड घेतल्याबद्दल घरात किंवा क्लासमध्ये कोणी नाक मुरडले, तर होतकरूजवळ थोरांचे दाखले तयार हवेत. 1888 च्या हिवाळ्याच्या तोंडावर आर्ल गावात व्हॅन गॉग आणि गोगँ एका घरात राहत होते, तेव्हा गोगँने वीस मीटर ताग विकत आणला. आपल्या भाषेत सांगायचे तर गोणपाट. दोघांनी त्यावर भराभर चित्रे काढली. व्हॅन गॉगची ती प्रसिद्ध रिकामी खुर्ची गोणपाटावरच आहे, आणि त्या काळी जगातला बहुतेक ताग बंगालचा असल्यामुळे तिच्यावर थोडाफार हक्क आपणही सांगायला हरकत नसावी. पुढे कॅनव्हास संपला तेव्हा याच व्हॅन गॉगने भांडी पुसायच्या पंच्यावर बाग रंगवली. मुंकची किंकाळी पुठ्ठ्यावर आहे. फ्रान्सिस बेकन एकदा पैसे संपल्यावर जुने कॅनव्हास उलटे करून मागच्या कोऱ्या बाजूवर रंगवू लागला. तो खरखरीतपणा त्याला इतका आवडला की पैसे आल्यावरही त्याने सवय सोडली नाही. (हा शेवटचा दाखला घरात देऊ नये. बेकनचे पैसे जुगारात संपले होते.)

आता प्रत्यक्ष खरेदी. दुकानातला तयार, ताणलेला कॅनव्हास घ्यायचा असेल तर प्लॅस्टिकचे वेष्टन पाहून भुलू नये. कॅनव्हास उजेडासमोर धरावा. सुईच्या भोकांएवढे ठिपके चमकले तर प्रायमर पातळ आहे असे समजावे. चौकट टेबलावर आडवी ठेवून एक कोपरा दाबावा. समोरचा कोपरा उचलला गेला, तर लाकूड पिळलेले आहे आणि ते भिंतीवर गेल्यावरही सुधारणार नाही. मागच्या बाजूने कोपऱ्यांत पाचरी ठोकायच्या खाचा आहेत का तेही पाहावे, म्हणजे पुढे कापड सैल पडल्यावर चौकट किंचित रुंद करता येते. शेवटची परीक्षा घरी घ्यावी. कॅनव्हासवर टर्पेंटाइनचा थेंब टाकून मागे बोट लावावे. मागे डाग उमटला तर पुढे तेलही तिथूनच जाणार. असा कॅनव्हास फेकू नये. वरून जेसोचे दोन हात दिले की तो कामाला येतो.

पुठ्ठ्यावर कापड चिकटवलेले कॅनव्हास बोर्ड सर्वांत स्वस्त असतात. ते पहिल्या पावसाळ्यात पापडासारखे वाकतात.

ज्याला स्वतः कापड ताणण्याची हौस आहे त्याने मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये जाऊन मांजरपाट किंवा जाड सुती डक मागावे. ‘पेंटिंगसाठी हवंय’ हे सांगण्याची घाई करू नये, कारण त्या माहितीने भाव उतरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. मांजरपाट छोट्या चौकटीला पुरतो. दीड फुटापुढे चौरस मीटरला तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे कापड घ्यावे. गाठी कमी असाव्यात, उभे-आडवे धागे सारख्या जाडीचे असावेत, आणि टेरिकॉटचा लागभागही नसावा. कापड ताणताना चारही बाजूंच्या मध्यावर आधी एकेक पिन मारावी, मग समोरासमोरच्या बाजू आलटून पालटून घेत कोपऱ्यांकडे सरकावे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करून क्रमाने पुढे जाणाऱ्यास शेवटच्या कोपऱ्यात चुणीदार झालर प्राप्त होते.

तथापि प्रस्तुत मार्गदर्शनाचा खरा कौल कापडाच्या बाजूने नाहीच. नवशिक्यासाठी सर्वोत्तम कॅनव्हास म्हणजे हार्डबोर्ड. तो ताणावा लागत नाही, सैल पडत नाही, कोपराने फाटत नाही. मोनालिसा पॉपलरच्या फळीवर बसली आहे आणि तिची आजवर तक्रार नाही. सोसायटीत कायम कोणाचे तरी किचन तोडून नवे होत असते. तिथल्या सुताराकडे हार्डबोर्डचे, सहा मिलिमीटर प्लायचे, एमडीएफचे तुकडे निघतात. त्यांना अदबीने ‘मिस्त्री’ म्हणावे, चहा सांगावा आणि आठ बाय दहा इंचाचे तुकडे कापून मागावेत. एमडीएफ कापताना उडणारी भुकटी छातीला वाईट, तेव्हा ते काम त्यांच्या मशिनवर आणि आपण लांब उभे राहून व्हावे. हार्डबोर्डची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरीवर जाळीची नक्षी. जाळीची बाजू कॅनव्हाससारखी दिसते म्हणून होतकरूंचा जीव तिच्यावर जडतो. तो मोह टाळावा. त्या नक्षीत ब्रश झिजतात आणि चेहरे चाळणीतून पाहिल्यासारखे उमटतात.

गुळगुळीत बाजूला पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून चकाकी घालवावी आणि ओल्या फडक्याने भुकटी पुसावी. जेसोचा पहिला हात थोडे पाणी घालून पातळ द्यावा, म्हणजे तो आत मुरतो. तो वाळल्यावर दुसरा हात आडवा, मग तिसरा उभा. दोन थरांच्या मध्ये 220 नंबरचा पॉलिश पेपर. कडा विसरू नयेत, एमडीएफच्या तर मुळीच नाही. तिथून ओलावा शिरला की फळी कडेला फुगते. मागच्या बाजूलाही एक हात द्यावा, नाहीतर एकाच बाजूने ओढ बसून फळी धनुष्यासारखी वळते. शेवटच्या थरानंतर दोन-तीन दिवस थांबावे. हे थांबणे विधीतले सर्वांत कठीण अंग असून बहुतेक साधक इथेच पतित होतात.

जेसो परवडत नाही असे ज्याचे म्हणणे असेल त्याच्यासाठी कलाविद्यार्थ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उतारा आहे: फेविकॉल, पाणी, खडूची भुकटी आणि थोडा पांढरा रंग. सरावाच्या फळ्यांना तो चालतो; नातवंडांसाठी ठेवायच्या चित्राला नको. भिंतीचा उरलेला डिस्टेंपर मात्र कितीही खुणावत असला तरी वापरू नये. तो खडूसारखा सुटतो आणि वरच्या रंगातले तेल पिऊन चित्राला कोरडे, निस्तेज चट्टे पाडतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून लेप देणारेही भेटतात. त्यांचा लेप गणपतीला शोभतो, लवचिक कापडावर तडकतो.

फसलेल्या चित्रावर पुन्हा रंगवावे काय? पिकासोने केले आहे. त्याच्या ‘म्हाताऱ्या गिटारवादका’खाली एक बाई दडलेली आहे. पण त्याने तेलावर तेलच दिले. वाळलेल्या ॲक्रिलिकवर तैलरंग धरतो, तैलरंगावर ॲक्रिलिक जेसो धरत नाही. कालांतराने पापुद्रे सुटतात. तेव्हा जुने तैलचित्र ‘पांढरे करून घेतो’ म्हणणाऱ्याच्या हातून डबा काढून घ्यावा. त्याने उंचवटे घासून काढावेत आणि सरळ तैलरंगानेच पुढे जावे.

आकाराच्या बाबतीत प्रतिष्ठेचा प्रश्न करू नये. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवत, तेव्हा त्यांना चौरस फुटाला काही आणे मिळत. त्यांना मोठा आकार परवडत होता. होतकरूच्या बाबतीत चौरस फुटाचे पैसे उलट्या दिशेने जातात. एका मोठ्या कॅनव्हासच्या जेसोत आठ-दहा छोट्या फळ्या तयार होतात, आणि पहिल्या तीन फळ्यांवरची वांगी, तांब्या आणि खिडकी कशीही झाली तरी चौथी पांढरीशुभ्र समोर असते.

फळ्या दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाल्यावर तयार कराव्यात. मिस्त्रींना मात्र आधीच सांगून ठेवावे, कारण किचनचे काम संपते त्या संध्याकाळी सगळे तुकडे गोणीत भरून टेम्पोत जातात.