हायकोर्ट एक्स्प्रेसमधले मामा

कुरुंद्याहून पहाटेची मराठवाडा एक्स्प्रेस गाठायची तर मध्यरात्रीच उठावं लागतं. आधी वसमत, मग पूर्णा. मोटारसायकल चालवायला भाचा लागतो आणि तो भाचा मी. मागे मामा. मांडीवर वायरची पिशवी. तिच्यात चार भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली आणि वीतभर गुंडाळलेली सुतळी.

असा एक माणूस बहुतेक गावांत असतो. हळद शिजली, वाळली, वसमतच्या मोंढ्यात गेली, पट्टी हातात पडली की तो 'जाऊन येतो' म्हणतो आणि खरंच जाऊन त्याच रात्री येतो. मुक्काम नाही, पाहुण्याकडे जेवण नाही, सोबतीला कुणी नाही. सोबत कामून नको? "सोबतीला चहा लागतो, मग तंबाखू लागते, मग त्याच्या साडूचं घर लागतं. शहर ऱ्हातंय बाजूला."

धर्माबादहून मनमाडला जाणाऱ्या या गाडीला लोक हायकोर्ट एक्स्प्रेस म्हणतात. 1981 साली औरंगाबादेत खंडपीठ आलं आणि नांदेड-परभणीकडच्या पक्षकाराला सकाळी पोचून रात्री घरी यायला हीच गाडी सोयीची. त्यामुळे टोपी घातलेला, पिशवी पोटाशी धरलेला एकटा माणूस डब्यात शिरला की प्रश्न एकच.

"कशाची केस हाय?"

पहिल्या खेपेला मामा खरं बोलले. "केस न्हाई. गाव बघायला चाललो."

डबा गप्प झाला. एकजण समजुतीने म्हणाला, "नका सांगू. वकिलानं बजावलं असंल." दुसऱ्याने हळूच आवाज उतरवला, "हाफ मर्डर का?" शेजारचा आपलं गाठोडं घेऊन पलीकडे सरकला.

दुसऱ्या खेपेपासून मामा सांगतात, "धुऱ्याची." त्यासरशी खिडकीची जागा मिळते, चहा मिळतो, तीन वकिलांची नावं मिळतात. वास्तविक मामांचा चुलतभाऊ देवमाणूस. दोघांच्या धुऱ्यावरचा आंबा दोघं वाटून खातात. पण डब्यात त्याने आत्तापर्यंत चार तास नांगर आत घातला आहे, आंबा तोडला आहे आणि तलाठ्याला फितवलं आहे. जालना येईपर्यंत मामांना त्याचा खराखुरा राग आलेला असतो.

शहरही ते सातबारा वाचावा तसंच बघतात. 1610 ची मलिक अंबरची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. "फेरफार लई झाले," एवढंच त्यांचं मत. पुढे बोलत नाहीत, आणि ते बरंच आहे. पाणचक्कीवर मात्र ते रमतात. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणायचं, उंचावरून पाडायचं आणि त्यावर जातं फिरवायचं! थ्री फेजची रात्रपाळी सांभाळणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच. रखवालदाराने जवळ जाऊ दिलं नाही, तेव्हा मामांनी लांबूनच एक डोळा मिटून सुतळी ताणली आणि मापाला गाठ मारली. घरी येऊन आपल्या जात्याला लावली. निकाल अजून राखून ठेवला आहे.

बीबी का मकबऱ्यात त्यांना ताजमहाल आठवत नाही. ताजमहाल त्यांनी पाहिलेला नाही, कारण आग्र्याहून रात्री परत येता येत नाही. दिलरास बानू बेगमच्या या कबरीला 6,68,203 रुपये 7 आणे लागले असं सांगतात. लाखांचं मामांना काही वाटत नाही. "सात आणे लिहून ठिवले बघ! माणूस आपल्यातलाच." खाली संगमरवर आणि वर चुन्याचा गिलावा दिसला तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. आपल्याही घराच्या मागच्या भिंतीला प्लास्टर कुठं झालंय?

मग हिरवळीवर भाकरी, आणि गाडीच्या दोन तास आधी स्टेशनात. परतीच्या गाडीचा मामांचा धसका मोठा.

हे सगळं मला रात्री पूर्णा ते कुरुंदा मोटारसायकलवर, वाऱ्यात अर्धंमुर्धं ऐकावं लागतं. गेल्या खेपेला सकाळचाच एक पक्षकार परतीला समोर बसला होता म्हणे. चेहरा पार उतरलेला.

"मिळाली का तारीख?" त्याने विचारलं.

"मिळाली. सोयाबीन निघाल्यावरची."

"आरारा, लईच लांबली की! आमची तर पुढल्याच सोमवारी हाय."

"पुढल्याच सोमवारी," मामा माझ्या कानाशी पुन्हा म्हणाले. "नशीबवान असत्यात एकेक."