एका फेऱ्यात १११ किलोमीटर

प्रवासाचं अंतर मोजायच्या तऱ्हा अनेक. एसटी टप्प्यांत मोजते, रेल्वे किलोमीटरात, आणि घाटात पोटात ढवळणारा प्रवासी वळणांत. दुर्बीण घेऊन आकाश बघायला निघालेल्या मंडळींचं अंतर मात्र एका बोल्टाच्या फेऱ्यांत मोजावं लागतं. ताऱ्यांच्या मागे मागे फिरणारी दुर्बीण ज्या इक्वेटोरियल माउंटवर बसते, त्याचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवावा लागतो. म्हणजेच तो जमिनीपासून त्या गावाच्या अक्षांशाइतका उचललेला असावा लागतो. ही उचल करतो अक्षांशाचा बोल्ट. दहा मिलिमीटरचा साधा बोल्ट घ्या. त्याच्या दोन आट्यांतलं अंतर दीड मिलिमीटर असतं. तो बिजागरीपासून साडेआठ सेंटिमीटरवर टेकत असेल, तर एका फेऱ्यात आस एक अंश हलतो. जमिनीवर एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर. या हिशेबानं मुंबई ते पणजी साडेतीन फेरे आणि लडाखातलं हानले चौदाच्या आसपास. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर तुडवून नागपूर गाठलंत, तरी बोल्टाच्या लेखी जेमतेम दोन फेरे. आणि अलिबागहून बोरघाट चढून पुण्याला गेलात, तर त्याच्या मते तुम्ही अजून घरीच आहात. पूर्व-पश्चिम प्रवास त्याला मान्यच नाही.

असा हा प्रवासी बोल्ट नेमका मुक्कामी पोचल्यावर दगा देतो. त्याला शिव्या देण्याची पद्धत सर्वत्र एकच आहे: ‘माल चिनी, दुसरं काय होणार!’ मला हा निकाल घाईचा वाटतो. धातू मऊ असतो हे खरं, पण असे बरेचसे माउंट ज्या गिऱ्हाइकाला डोळ्यासमोर ठेवून बेतलेले दिसतात, ते गिऱ्हाईक चाळीस-पन्नास अंशांवर राहतं. लंडन साडेएक्कावन्न अंशांवर आहे, म्युनिक अठ्ठेचाळीसवर. तिथे माउंट ताठ मानेनं उभा राहतो. तोच माउंट आपल्याकडे एकोणीस अंशांवर आणला की त्याला कमरेतून वाकावं लागतं. दुर्बिणीचं सगळं वजन बिजागरीच्या पुढे, उत्तरेकडे लोंबतं. काउंटरवेटचा दांडा जवळजवळ सरळ खाली येऊन ट्रायपॉडच्या पायावर आपटतो. आणि माउंटचं डोकं पेलणारा बोल्ट त्याच्या ज्या कानावर टेकतो, त्याला तो सरळ न भिडता तिरका भिडतो. ढकलण्यासाठी केलेल्या वस्तूला आपण वाकवण्याच्या कामाला लावलं, आणि ती वाकली. आता गुन्हेगार कोण? बोल्ट, की कर्कवृत्ताच्या दक्षिणेला पसरलेला अख्खा महाराष्ट्र?

वांगणीसारख्या ठिकाणी अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी जमणाऱ्या कुठल्याही टोळक्यात हा खटला चालतो. कर्जत लोकलनं आणलेल्या बोजांतून दुर्बीण निघते, पाठोपाठ भडंग निघतं. लाल जिलेटिन लावलेली बॅटरी दातांत धरून एकजण पाना फिरवतो. आस ज्याच्याकडे रोखायचा तो ध्रुवतारा क्षितिजावर अवघा एकोणीस अंश, म्हणजे गावच्या दिव्यांत आणि धुरक्यात बुडालेला. पाना फिरतो, कर्र आवाज येतो, आणि ध्रुव मात्र हलत नाही. समोरासमोरच्या दोन बोल्टांपैकी पुढचा सैल न करताच मागचा आवळलेला असतो. मग दोन्ही बोल्ट एकमेकांशी भाऊबंदकीतल्या बांधासारखे भांडत बसतात. शेवटी बाहेर काढलेल्या बोल्टाचं टोक भूछत्रासारखं पसरलेलं निघतं आणि मधला भाग केळ्यासारखा. भोवतीच्या मंडळींत सल्ला देणारे नऊ, पाना धरणारा एक.

यावर कोणी म्हणेल, एका अंशाची चूक झाली तर असं काय बिघडतं? नुसतं डोळ्यानं बघायचं तर फारसं नाही. फोटो काढायचा असेल तर बिघडतं. एका अंशाच्या चुकीनं तारा तासाला जवळजवळ पाव अंश सरकू शकतो, म्हणजे चंद्राच्या निम्म्या रुंदीइतका. दहा मिनिटं शटर उघडं ठेवून साबुदाण्यासारखे तारे टिपायला जावं आणि शेवया घेऊन परतावं, असा तो प्रकार. मोबाइलमधलं ॲप मदतीला येतं हेही खरं. पण ते चूक किती हे सांगतं, फिरवायला बोल्टच लागतो. ‘मग डॉब्सोनियन घ्या, बोल्टाची भानगडच नको,’ हा आक्षेप सर्वांत वजनदार. जॉन डॉब्सन यांनी दुर्बीण लाकडी खोक्यात बसवून हजारोंना आकाश दाखवलं, आणि निव्वळ बघणाऱ्याला माझाही सल्ला तोच आहे. पण साधी डॉब्सोनियन हातानं ढकलायची वस्तू. लांब एक्स्पोजरचा फोटो तिच्याकडून होत नाही.

बोल्टाचा वैताग टाळायचा दुसरा मार्ग राजेशाही आहे. सवाई जयसिंगानं पितळी यंत्रांचे आस झिजतात, केंद्रं सरकतात, म्हणून ती नापसंत केली आणि दगडचुन्यात यंत्रं बांधली. जयपूरच्या सम्राट यंत्राची सुमारे २७ मीटर उंच भिंत बरोबर जयपूरच्या अक्षांशाइतकी, सत्तावीस अंशांनी कललेली आहे. ती कधी सैल होत नाही. फक्त गाव बदललं की नवी भिंत बांधावी लागते. त्यानं दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा उभारल्या. आपल्याकडे विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तिथे आले होते, त्यांच्या दुर्बिणींसाठीचे हे ओटे. हेलियम याच ओट्यांवर सापडला असं तिथे कौतुकानं सांगतात. पण ती गोष्ट १८६८ ची, आणि त्या वर्षी लॉकियर इंग्लंडात होते. कौतुक तीस वर्षांनी चुकलं असलं तरी ओट्याचा मुद्दा पटतो: मुक्काम दुर्बिणीला पटत नसेल, तर मुक्कामच बांधून काढा. आपल्याला शनिवारी जाऊन रविवारी परतायचं असतं, म्हणून बोल्ट.

राहिला शेवटचा आक्षेप: वीस-पंचवीस रुपयांच्या वस्तूवर एवढं पुराण कशाला, बदलून टाका की! जरूर बदला. पण कडक पोलादाचा बोल्ट मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांत घातला आणि पूर्वीसारखाच रेटला, तर पुढच्या वेळी बोल्ट शाबूत राहील आणि आटे जातील. बोल्ट दुकानात मिळतो, आटे मिळत नाहीत. म्हणून अक्षांश घरीच, उजेडात, दुर्बीण चढवण्याआधी लावा. समोरचा बोल्ट आधी सैल करा, डोकं हातानं उचला आणि बोल्टाला फक्त टेकू देऊ द्या. आट्यांना थोडं ग्रीस लावा, पिशवीत सतरा नंबरचा पाना आणि एक जादा बोल्ट ठेवा. आणि हार्डवेअरच्या दुकानात जाताना जुना बोल्ट नमुन्याला न्या. वाकलेला असला तरी दुकानदाराला आटे ओळखायला तो पुरतो.