कॅपिटलकाका

तुमच्या सोसायटीतही असतीलच. नसतील, तर तुमच्याकडे नोटिसा अजून मराठीत लागत असणार. आमच्याकडे लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी 'लिफ्ट इज अंडर रिपेअर' असा इंग्रजी मथळा चिकटवतात आणि थोड्याच वेळात कॅपिटलकाका लाल पेन घेऊन, धापा टाकत चार जिने उतरतात. लिफ्टबद्दल चकार शब्द नाही. 'इज'चा आय लहान का, एवढंच. "अहो, इज क्रियापद आहे!"

मथळ्यात छोटे शब्द लहान लिपीत, इतकंच आमच्या सेक्रेटरींना ठाऊक. ए, ॲन, द, अँड, ऑर यांचं तसं चालतं. पण इज दोनच अक्षरांचं असलं तरी क्रियापद, आणि मथळ्यातल्या क्रियापदाचं पहिलं अक्षर मोठंच. काकांनी हे वॉचमनलाही समजावलंय. हल्ली काका दिसले की सलाम ठोकून तोच आधी म्हणतो, "साहेब, इज क्रियापद आहे."

एका रिसेप्शनला स्टेजवर फुलांनी 'लव्ह इज फॉरएव्हर' लिहिलं होतं. नवरदेव वाकून नमस्कार करतोय आणि काका त्याच्या डोक्यावर हात ठेवून मागच्या फुलांना म्हणताहेत, "क्रियापद आहे रे ते!"

प्रिपोझिशन निघालं की मात्र मी चपला शोधायला लागतो. 'गॉन विथ द विंड' ही १९३६ची कादंबरी. असोसिएटेड प्रेसच्या नियमानं चार अक्षरांपासून पुढचं प्रिपोझिशन मोठं, म्हणजे विथचा डब्ल्यू मोठा. 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल'च्या मते तो लहान. काका शिकागो घराण्याचे. तिथं 'बिटवीन'सारखं सात अक्षरी धूडसुद्धा मान खाली घालून उभं असायचं. २०२४ साली अठरावी आवृत्ती आली आणि पाच अक्षरांपासून पुढच्या सगळ्यांना मोठेपण मिळालं. काकांनी अक्षरशः सुतक पाळलं.

गंमत म्हणजे मराठी नोटिशीत ऱ्हस्व-दीर्घाचे मुडदे पडले तरी काका ढिम्म. देवनागरीत लहान-मोठं अक्षरच नाही. तिथं त्यांना करमत नाही.

मग रीडेव्हलपमेंट आलं. कराराचा जाडजूड इंग्रजी मसुदा. "वाचून काय करायचंय, सह्या करा," असं सभेत ठरलं. एकट्या काकांनी तो मथळे तपासायला म्हणून घरी नेला आणि लालेलाल करून आणला. एका पानावर 'कार्पेट एरिया'ची व्याख्या होती, दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत. आम्हाला मिळायच्या जागेच्या कलमात मात्र तेच शब्द लहान. काकांना फक्त अक्षरं सरळ करून हवी होती. आमच्या वकिलांनी ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. व्याख्या केलेला शब्द करारात मोठ्या अक्षरानंच चालवतात. लहान केला, तर व्याख्या त्याला लागू की नाही यावर उद्या बिल्डर भांडू शकतो. बिल्डरचा माणूस म्हणाला, टायपिंग मिस्टेक. असेलही. दुरुस्ती मात्र करून घेतली.

आता हे कबूल करायला जड जातं, पण आमच्या बिल्डिंगमध्ये कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा हा एकच माणूस आहे. सभेत काकांना सेक्रेटरी करायचा ठराव आला. ठराव इंग्रजीत होता. शीर्षक तपासून देतो म्हणून काकांनी तो घरी नेलाय. अजून परत आलेला नाही.