कोपऱ्यातल्या शिक्क्याचे धनी यांस

मा. शेठ,
मराठी सिनेमा-नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडी काढणारी कंपनी, मुंबई.



आपली-माझी प्रत्यक्ष ओळख नाही. आपलं नावही मी इथे लिहीत नाही. आपल्या धंद्यातल्या दहा जणांना हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटेल आणि त्यांतल्या कुणाचंच फारसं चुकणार नाही.

माझं म्हणाल तर साताऱ्यात राजवाड्याजवळ माझी व्हिडिओ लायब्ररी होती. आधी व्हीएचएस, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी आणि शेवटी मोबाइलचं रिचार्ज, असा आमचा उत्कर्ष झाला. आपण पाठवलेले डबे मी भाड्याने द्यायचो. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डबा परत आणायचं आणि आपल्याबद्दलचं मत मला ऐकवायचं. माल आपला, शिव्या मला. म्हणून मी भाड्याच्या वहीत एक जादा रकाना आखला आणि त्याला 'शेरा' असं नाव दिलं. गिऱ्हाइकाने बोलायचं ते तिथे लिहावं, माझं डोकं खाऊ नये, एवढाच हेतू होता. दुकान गेलं, वही राहिली. परवा माळा झाडताना हाती लागली आणि वाटलं, ज्याची ठेव त्याला पोचवावी.

सुरुवात उपकारांनी करतो. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली. फुटपाथवरच्या नकली मालाच्या भावात अस्सल माल मिळायला लागला. आपणही मग भाव उतरवलेत आणि मराठी सिनेमा एसटी स्टँडावरच्या स्टॉलवर बिस्किटांशेजारी येऊन बसला. हे तुमचंच काम, नाकारत नाही. फक्त भाव उतरवताना बरोबर आणखी काय काय उतरवलंत, त्याचा हिशेब या वहीत आहे.

पहिला शेरा एका पेटीवाल्या बुवांचा. पेठेतल्या भजनी मंडळात ते पेटीवर असायचे. संतपट नेला, परत आणला आणि रकान्यात दोनच शब्द लिहिले: 'स्वर चढा.' मला वाटलं, म्हातारपणी कान गेले. पण बुवांनी घरी पेटी काढून पडताळा घेतला होता. पांढरी एकमधलं गाणं सीडीवर काळी एकच्या उंबऱ्याशी जाऊन उभं होतं. याचं कारण मला पुढे एका केबलवाल्या पोराने सांगितलं. सिनेमा चालतो सेकंदाला २४ चौकटींनी आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला लागतात २५. मग टेलिसिने करताना, म्हणजे रीळ टेपवर उतरवताना, सिनेमाच जरा पळवतात. साधारण चार टक्के. दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधी संपतो आणि स्वर पाऊण पट्टी वर चढतो. आता हा दोष पाल पद्धतीचा आहे, तुमचा नाही, हे मी बुवांनाही सांगितलं. बुवा म्हणाले, "ते खरं. पण डब्यावर 'डिजिटल शुद्ध ध्वनी' हे कुणी छापलं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा, बुवांच्या मुलाला सांगेन.

त्याच संतपटाचा दुसरा शेरा एका आजींचा, नातवाने लिहिलेला: 'देवाशेजारी फोन नंबर आहे.' गाभाऱ्यात विठ्ठल विटेवर उभा, भक्त हात जोडून समोर, नि मुकुटाच्या उजव्या अंगाला आपला रंगीत शिक्का आणि खालून सरकत जाणारा वितरकाचा दूरध्वनी. आजींनी विचारलं, हा नंबर कुणाचा? आता काय सांगणार! शिक्का चोरांसाठी असतो म्हणे. चोराने आपला माल उचलला तर ओळख पटावी. पण शेठ, फुटपाथवरच्या चोराच्या प्रतीवर शिक्का नसायचा. तो थेटरात कॅमेरा लपवून सिनेमा उतरवायचा, मध्येच समोरून कुणीतरी मुतारीला उठून जायचं, एवढाच काय तो त्रास. पैसे मोजून अस्सल माल घेणाऱ्याला मात्र अडीच तास आपली जाहिरात बघावी लागायची. वर सुरुवातीला चोरी न करण्याची तंबी, तीही त्यालाच, आणि रिमोटचं बटण कितीही दाबा, ती पुढे सरकायची नाही.

पडद्याच्या मापाचं तर बोलूच नका. प्रभातच्या काळची चौकट जवळपास चौरस, रुंदी उंचीच्या १.३७ पट. जुना डबा-टीव्हीही साधारण तसाच, त्यामुळे तेव्हा तुम्हाला काही बिघडवायची संधी मिळाली नाही. मग रुंद टीव्ही आले आणि काळ्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाईक कुरकुरतं, असं कुणीतरी आपल्याला पटवलं. झालं. चित्र फुगवून पडदा भरला. १.७८च्या पडद्यात १.३७चं चित्र कोंबलं की वरखालचा मिळून जवळपास पाव भाग जातो. वर संतांची पगडी गेली, खाली पाय गेले. ज्या पायांवर डोकं ठेवायला भक्त वाकतो, ते पायच चौकटीबाहेर. तो बिचारा कशावर डोकं ठेवतोय, ते फक्त दिग्दर्शकाला ठाऊक.

सिनेमास्कोपची गत उलटी. गुरुदत्तने १९५९ साली 'कागज के फूल' काढला, तो भारतातला पहिला सिनेमास्कोप. पडद्याची रुंदी उंचीच्या २.३५ पट. असं चित्र डबा-टीव्हीवर काठोकाठ भरायचं तर बाजूचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग कापावा लागतो. मराठीतही दोन हजारनंतर रुंद पडदा सर्रास आला. त्यातलाच एक तमाशापट तुमच्याकडून आला होता. सवाल टाकणारी डाव्या टोकाला, जबाब देणारी उजव्या टोकाला, मधोमध ढोलकीवाला. तुमच्या डिस्कवर डावी गेली, उजवी गेली आणि सगळा झगडा ढोलकीवाल्याने एकट्याने जिंकला. एका फडप्रेमी गिऱ्हाइकाचा शेरा जसाच्या तसा देतो: 'ढोलकीवाला उत्तम.'

भयपटांवर फार शाई घालवत नाही. व्हीसीडीचं चित्र म्हणजे ३५२ गुणिले २८८ ठिपके, आणि त्यातही अंधाराचा प्रसंग आला की दाबलेल्या चित्रात ठोकळे उठतात. वाड्यात भूत येतं तिथे चौकोन येतात. मुलं भ्यायली नाहीत म्हणून एका बाईंनी पैसे परत मागितले होते, मी दिले नाहीत.

विनोदी सिनेमाला गिऱ्हाईक सगळ्यात जास्त, म्हणून तक्रारीही सगळ्यात जास्त आणि बहुतेक एकाच जागेवरच्या. एका व्हीसीडीत मावतात चौऱ्याहत्तर ते ऐंशी मिनिटं. म्हणजे सिनेमा दोन डिस्कमध्ये तोडणं भाग. कुठे तोडायचा, एवढंच ठरवायचं होतं. मध्यंतर नावाची गोष्ट सिनेमावाल्यांनी आयती करून ठेवली होती. आपण घड्याळ बघून तोडलात. बायकोच्या वेषातला नायक दार उघडतो, समोर घरमालक, घरमालक तोंड उघडतो, आणि 'कृपया डिस्क २ लावा'. ती लावेपर्यंत घरातलं कुणीतरी पाणी प्यायला उठायचं, गॅस बंद करायला जायचं, आणि सगळे परत जमेपर्यंत हसू विरून गेलेलं. लक्ष्मीकांत बेर्डे, अशोक सराफ यांचा सगळा खेळ टायमिंगचा. तो एखाद्या क्षणाने चुकला तरी जातो. तुम्ही मध्ये चहाला वेळ दिलात.

नाटकांच्या सीडीबद्दल मात्र मला जरा हात आखडून लिहावं लागतंय. मालवणी नाटकवाले मच्छिंद्र कांबळी २००७ साली गेले. नटाचं काम त्याच्याबरोबर जातं, मागे राहतं ते फक्त चित्रीकरण. आखातात नोकरीला निघालेली कोकणी पोरं पुण्याची गाडी पकडायच्या आधी माझ्याकडून मालवणी नाटकांच्या सीडी विकत घेऊन जायची. तिकडे शुक्रवारी आठ-दहा जण एका खोलीत बसून बघतात, असं सांगायची. यासाठी आपलं पुण्य मी कबूल करतो. पण चित्रीकरण असं का, की कॅमेरा मधल्या रांगेत एकदा ठोकला तो ठोकलाच? नट डावीकडच्या विंगेकडे सरकला की तो चौकटीतून गायब. तिथून वाक्य टाकतो, सभागृह खदखदतं, तेव्हा कॅमेऱ्याला जाग येते आणि तो हळूहळू डावीकडे वळतो. तोवर नट उजवीकडे पोचलेला. पुढच्या रांगेतली हसून हलणारी डोकी तेवढी स्वच्छ दिसतात. शेरा: 'हसणारे दिसतात, हसवणारा दिसत नाही.' हे लिहिणारा पोरगा पुढे मस्कतहून आल्यावर तीच सीडी परत विकत घेऊन गेला. पहिली झिजली म्हणाला. आपली गिऱ्हाइकं अशी होती, शेठ.

आता जरा चिडून लिहितो, कारण इथे पद्धतीचा, यंत्राचा, टीव्हीचा कुणाचाच दोष नाही. एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे यायचे, ऐकू जवळजवळ नाहीच. डीव्हीडी आली तेव्हा त्यांनी कुठेतरी वाचलं की तिच्यात चित्राखाली अक्षरं दाखवता येतात. खरंच येतात. एका डीव्हीडीवर आठ ध्वनिपट्ट्या आणि बत्तीस सबटायटल-पट्ट्या घालायची सोय असते. बत्तीस! तुम्ही त्यांतली एक मराठीला द्यायचीत. संवाद लेखकाने लिहिलेलेच होते, टंकायला एक माणूस आणि एक आठवडा लागला असता. आपण त्या जागेचं काय केलंत? एका डिस्कवर तीन सिनेमे कोंबलेत आणि वर 'थ्री इन वन' असं झळकावलंत. तिन्ही सिनेमे गुरुजींना सारखेच ऐकू आले नाहीत.

आणि ते कव्हर! कृष्णधवल सिनेमाच्या डब्यावर 'रंगीत'. पाठीमागे कथासार, त्यात शेवटच्या वाक्यात खुनी कोण ते सांगून टाकलेलं. रहस्यपटाच्या रकान्यात एकाने लिहून ठेवलंय, 'डबा वाचला, सिनेमा बघायची गरज पडली नाही. भाडं निम्मं घ्यावं.'

आपण म्हणाल, झालं गेलं. सीडीचा धंदा बुडाला, दुकानं गेली, आता कोण कुठली जुनी उणीदुणी काढतोय. मलाही काही वर्षं तसंच वाटायचं. पण मध्ये नातीला एक जुना मराठी सिनेमा दाखवायला मोबाइलवर शोधला, तो सापडला, आणि उजव्या कोपऱ्यात कोण? आपणच. तोच शिक्का, तेच ठोकळे, तेच कापलेले पाय. नवा फोर-के टीव्ही व्हीसीडीच्या ऐंशीपट ठिपके मागतो. तो मागतो, पण आपली टेप तेवढेच जुने ठिपके देते. नात म्हणाली, जुने सिनेमे असेच धूसर असायचे का? मूळ रिळावर नटाच्या दाढीचे खुंट मोजता यायचे, हे तिला कसं पटवू?

कायद्याने सिनेमाचा हक्क साठ वर्षांनी संपतो. १९५९च्या 'सांगत्ये ऐका'वरचा २०१९च्या डिसेंबरअखेर संपला. आता तो कुणीही छापावा, दाखवावा. पण कुठल्या प्रतीवरून? सिनेमा सगळ्यांचा झाला तरी नेगेटिव्ह कुठे आहे ते ठाऊक नसेल, तर लोक हाताशी असलेली प्रतच फिरवत राहणार, आणि हाताशी असते ती आपल्यासारख्यांची. २००३ सालच्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली, जुना साठा राख झाला. बाकीची रिळं निर्मात्यांच्या वारसांच्या खोल्यांत व्हिनेगरसारखी आंबत गेली. तुम्ही तेव्हा घाईघाईत, जी प्रिंट मिळाली ती, ओरखड्यांसकट उतरवून घेतलीत. आज काही सिनेमांपुरता तुमचा तो बेफिकीर माल हाच सिनेमा उरलाय.

आपल्याच धंद्यातल्या एका परदेशी दुकानाचं सांगतो. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या नेगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेत आगीत होरपळल्या. अमेरिकेतली क्रायटेरियन नावाची कंपनी डिस्क विकते, आपल्यासारखीच. तिने अमेरिकेतल्या ऑस्करवाल्या अकॅडमीच्या संग्रहालयाला बरोबर घेतलं, इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांकडून ती जळकी, आकसलेली रिळं मऊ करून घेतली, जिथे काही उरलं नव्हतं तिथे दुसऱ्या प्रती शोधल्या, आणि २०१५ साली तिन्ही सिनेमे पुन्हा पडद्यावर आणले. मग डिस्क काढली आणि विकलीही. नफा त्यांनीही केला असणार. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझी मागणी तेवढी मोठी नाही. आपल्या गोदामात बीटाकॅमच्या टेपा असतील. टेलिसिने झाल्यावर, शिक्का मारायच्या आधीच्या. त्या अजून भंगारात गेल्या नसतील, तर पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय फिल्म संग्रहालय आहे, १९६४ सालापासून. तिथे नेऊन द्या. निर्मात्यांशी केलेले करारही कपाटात असतील. त्यांत प्रिंट कुणाकडून आणली त्याचं नाव-पत्ता असतो. त्याच्या नकला सोबत जोडा. कुठल्या तरी वाड्याच्या माळ्यावर एखादं मूळ रीळ अजून पडलेलं असू शकतं, आणि ते कुणाच्या माळ्यावर आहे, हे आज कदाचित आपल्याच कारकुनाला ठाऊक असेल. तो निवृत्त व्हायच्या आत विचारून घ्या.

पत्राला उत्तर नको. टेपांची यादी पाठवा.

आपला,
एक माजी व्हिडिओ लायब्ररीवाला, सातारा

ता. क. रहस्यपटाचं निम्मं भाडं मी खरंच परत केलं होतं. ते आपल्याकडून येणं आहे.