जिज्ञासेचे तास

डॉक्टर का व्हायचंय, हा प्रश्न आपल्याकडे परीक्षेत येत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी मिळून ७२० मार्क. जितके पडले तितके पडले. मुलाला रक्त बघून चक्कर येते की माणसं बघून, याची चौकशी सरकारही करत नाही आणि शेजारीही. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, त्यामुळे नीटमध्ये शून्याच्या खाली जायचीही सोय आहे. पण तिथवर पोचलेल्यालासुद्धा कुणी जवळ बसवून विचारत नाही, की बाळा, तुला मुळात हे हवं होतं का?

अमेरिकेत हाच प्रश्न चार वर्षं पिच्छा पुरवतो. तिथे मेडिकलला सहसा पदवीनंतरच जाता येतं. आधी चार वर्षं कॉलेज, मग चार वर्षं एमडी. पहिल्या चार वर्षांतली उमेदवार मुलं स्वतःला प्री-मेड म्हणवतात. हा काही विषय नव्हे, नुसता इरादा. बायॉलॉजी, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स ही चौकडी लॅबसकट एकेक वर्ष उरकली, जोडीला बायोकेमिस्ट्री घेतली, की पदवी खुशाल संगीतात घ्या. हॅरॉल्ड व्हार्मस यांनी इंग्रजी साहित्यात पदवी घेतली, वर एमए केलं. हार्वर्डच्या मेडिकल स्कूलनं दोनदा नाकारल्यावर ते कोलंबियातून डॉक्टर झाले आणि १९८९ मध्ये कॅन्सरशी संबंधित जनुकांवरच्या कामासाठी त्यांना नोबेल मिळालं. हे सगळं मी न्यू जर्सीतल्या ताईला रंगवून सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे रे, पण त्यांचा जीपीए किती होता?"

ताईनं लेकीच्या चारही वर्षांची एक्सेल शीट केली आहे. पहिल्या वर्षी जनरल केमिस्ट्री, दुसऱ्या वर्षी ऑर्गो (ऑरगॅनिक केमिस्ट्रीला तिकडची मुलं या नावानं घाबरतात), मग एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा. ही एमकॅट ५२८ मार्कांची, पण सुरुवात होते ४७२ पासून. कितीही वाईट पेपर गेला तरी ४७२ कुठे जात नाहीत, हे कळल्यावर मला या देशाबद्दल अचानक आपुलकी वाटू लागली. २०१५ पासून त्यात मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आलं आहे, म्हणजे रोग्याखेरीज माणूसही थोडा वाचावा लागतो.

पण खरी गंमत अर्जात आहे. कॉलेजात काय काय केलंत हे सांगायला त्यात पंधरा रकाने असतात. इस्पितळात सेवा, डॉक्टरांच्या मागे मागे फिरणं, संशोधन, कुणाला शिकवणं. आणि प्रत्येकापुढे किती तास, ते लिहायचं. त्यांतले जास्तीत जास्त तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडायचे. शिवाय ५३०० अक्षरांत, मोकळ्या जागा धरून, डॉक्टर का व्हायचंय ते सांगायचं. त्यामुळे शीटमध्ये भूतदयेला मंगळवारची दुपार मिळाली आहे आणि जिज्ञासेला गुरुवार-शनिवार. अंतःप्रेरणा नेमकी कुठल्या सेमिस्टरला व्हावी, एवढंच ठरायचं बाकी होतं.

हसू येतं खरं. पण ताई राहते त्याच न्यू जर्सीत रोझेल नावाचं गाव आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत उतरल्या, त्या आधी तिथल्या कार्पेंटर कुटुंबाकडे राहिल्या. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला त्यांनी प्रवेशासाठी पत्र लिहिलं, तेव्हा रकाने भरायला त्यांच्याकडे काही नव्हतं. शाळाही धड झालेली नव्हती. कारण मात्र होतं. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं होतं. तीन वर्षांनी, मार्च १८८६ मध्ये, त्या डॉक्टर झाल्या. असलं कारण कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून तर आईबाप एवढी धडपड करतात. मग सुखात वाढलेल्या अठरा वर्षांच्या पोरीनं कारण आणायचं कुठून? ते तिला तासातासानं जमवावं लागतं, एवढंच.

भाचीला संशोधनाचा रकाना भरायचा होता. तिनं बऱ्याच प्राध्यापकांना ईमेल केल्या. ज्यांचं उत्तर आलं त्यांच्या लॅबमध्ये फळमाश्या होत्या. फळमाश्या म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर जमतात ती चिलटं. त्यांच्यासाठी मक्याचं पीठ, यीस्ट, काकवी आणि अगर शिजवायचं, ही पहिली कामगिरी. दुसरी जास्त नाजूक. कोशातून बाहेर आलेल्या माद्या साधारण आठ तासांच्या आत वेगळ्या काढाव्या लागतात. उशीर झाला की त्यांचं परस्पर जमलेलं असतं आणि संकराचा बोजवारा उडतो. म्हणून सकाळी जायचं, संध्याकाळी जायचं, रविवार म्हणायचा नाही. आमच्या आईनं व्हिडिओ कॉलवर हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, मग तू वधूवर सूचक मंडळच चालवतेस की!"

पहिल्या सेमिस्टरला भाची तास मोजायची. हल्ली विचारलं तर आठवून सांगते. मध्यंतरी तिनं मला आल्फ्रेड स्टर्टेव्हंटची गोष्ट सांगितली. १९११ मध्ये तो कोलंबियात पदवीचा विद्यार्थी होता आणि प्राध्यापक मॉर्गन यांच्या फळमाश्यांच्या खोलीत काम करायचा. कोणते गुण किती वेळा जोडीनं पुढे जातात, यावरून गुणसूत्रावर जनुकांचा क्रम लावता येईल, हे बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं. घरी जाऊन, कॉलेजचा गृहपाठ बाजूला टाकून, त्यानं जवळजवळ रात्रभर बसून जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. "मामा, गृहपाठ टाकून!" भाची दुसऱ्यांदा म्हणाली. ताई तेव्हा स्वयंपाकघरात होती, हे बरं झालं.

आता घरात वेगळीच पंचाईत आहे. भाचीला नुसतं एमडी नको, सोबत पीएचडीही हवी आहे. ते दोन्ही मिळून सात-आठ वर्षं चालतं. फी बहुधा माफ असते, वर विद्यावेतन मिळतं, असं मी ताईला समजावून पाहिलं. तिचा आक्षेप पैशाचा नाहीच. शीट चौथ्या वर्षाच्या मेमध्ये संपते. संशोधनाची आवड दिसावी म्हणून रकाना तिनं स्वतः आखला होता. आवड खरोखरच लागली तर काय करायचं, त्यासाठी मात्र रकाना ठेवायचा राहून गेला.