रेकी, दोन्ही अर्थांनी

मराठी वृत्तपत्रांत 'रेकी' हा शब्द दोन सर्वस्वी भिन्न अर्थांनी छापला जातो आणि त्यांपैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे, हे मजकूर कोणत्या पानावर आहे त्यावरून वाचकाने ठरवायचे असते. गुन्हेवार्तांच्या पानावरील रेकी म्हणजे घरफोडीपूर्वीची टेहळणी: कोणते घर बंद आहे, वॉचमनला डुलकी केव्हा लागते, मालक गावी कधी जातो, याची टोळीने केलेली आगाऊ पाहणी. पुरवणीच्या पानावरील रेकी म्हणजे जपानी हस्तोपचार, ज्यात उपचारक रुग्णाच्या अंगावर किंवा अंगापासून चार बोटे अंतरावर तळहात धरतो आणि 'वैश्विक जीवनऊर्जा' त्याच्यात उतरवतो असे मानले जाते. पहिला शब्द इंग्रजी लष्करी परिभाषेतून आला. दुसऱ्यातील 'रेइ' म्हणजे आत्मिक किंवा गूढ, आणि 'की' म्हणजे ज्याला चिनी लोक 'ची' व भारतीय लोक 'प्राण' म्हणतात ते. काशीमीऱ्याच्या परिसरात दोन्ही रेकींना वाव असला तरी पहिलीचे प्रशिक्षण विनामूल्य असते आणि तिचे प्रमाणपत्र कोणी भिंतीवर लावत नाही, म्हणून प्रस्तुत विवेचन दुसरीपुरते मर्यादित ठेवले आहे.

काशीमीरा हे नाव ऐकून परगावच्या माणसास एखादे तीर्थक्षेत्र डोळ्यांसमोर यावे, कारण मोक्षाची नगरी आणि कृष्णवेडी संत कवयित्री एकाच जोडनावात सापडणे दुर्मीळ. प्रत्यक्षात मात्र तो मीरा-भाईंदर शहरातील, पश्चिम द्रुतगती महामार्गावरील एक नाका असून तेथे मोक्षापेक्षा सिग्नल सुटण्याची वाट अधिक एकाग्रतेने पाहिली जाते. १९८५ साली नगरपालिका आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ५,२०,३८८ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. एवढ्या लोकांना पाणी पाजण्यासाठी स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसी पुरी पडेनात, म्हणून पालघरातील सूर्या धरणाचे प्रतिदिन २१८ दशलक्ष लिटर पाणी या शहरासाठी योजले गेले. वीज मीटरवर मोजली जाते आणि टँकर फेरीवर. अशा नगरात पाइप, मीटर आणि टँकर यांच्यावाचून घरपोच येणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वैश्विक ऊर्जा. ती अमर्याद आहे, सर्वत्र आहे आणि फुकट आहे, असे रेकीचे सगळे ग्रंथ एकमुखाने सांगतात. शुल्क पडते ते फक्त नळजोडणीचे.

या नळजोडणीला परिभाषेत 'अट्यूनमेंट' आणि मराठी शिबिरांत 'दीक्षा' किंवा 'शक्तिपात' म्हणतात. शक्तिपात म्हणजे गुरूने स्वतःच्या शक्तीच्या स्पर्शाने शिष्याची सुप्त शक्ती जागी करणे. ही कल्पना ठाणे जिल्ह्याला नवी नाही, कारण याच जिल्ह्यातील गणेशपुरीहून स्वामी मुक्तानंदांनी १९७० पासून परदेश दौरे करून शक्तिपात पश्चिमेकडे नेला होता. एकाच जिल्ह्यातून शक्तीची निर्यात आणि त्याच जिल्ह्यात शक्तीची आयात, हा व्यापार अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी अद्याप दुर्लक्षित ठेवला आहे. असो. रेकीच्या जोडणीचे तीन व्यास उपलब्ध असतात. पहिल्या पायरीवर स्वतःवर आणि समोरच्यावर हात ठेवण्याचा अधिकार मिळतो. दुसरीवर 'चो कु रेई', 'सेई हे की' आणि 'होन शा झे शो नेन' ही तीन जपानी चिन्हे व त्यांच्या बळावर दूरस्थ उपचार. तिसरीवर 'दाई को म्यो' हे चौथे चिन्ह आणि 'मास्टर' ही पदवी, म्हणजे इतरांना नळजोडणी देण्याचा परवाना. या पद्धतीचे आद्य प्रवर्तक मिकाओ उसुई यांना क्योतोजवळच्या कुरामा पर्वतावर एकवीस दिवस उपवास केल्यानंतर ही शक्ती लाभली, असे परंपरा सांगते. काशीमीऱ्यात पहिल्या दोन पायऱ्या शनिवार-रविवारी चढून होतात आणि मध्ये जेवणाची सुट्टीही असते.

शिबिराचे स्थळ बहुधा वन बीएचकेचा हॉल असतो. सोफा बेडरूममध्ये सरकवलेला, दाराबाहेर चपलांचा ढीग, भिंतीशी ओळीने मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि टीपॉयवर भगवान बुद्ध, साईबाबा व दाढीधारी उसुई यांच्या तसबिरी एकाच हारात. शिष्य डोळे मिटून, हात जोडून बसतो. गुरू त्याच्या मागे उभे राहून हवेत बोटाने चिन्हे काढतात, टाळूवर हात ठेवतात, मग पुढे येऊन त्याचे जोडलेले हात उघडतात, तळव्यांवर चिन्ह ठोकल्यासारखे करतात आणि हलकी फुंकर घालतात. चिन्हे गुप्त असल्यामुळे डोळे उघडण्यास मनाई असते. तीच चिन्हे दुपारच्या सत्रात झेरॉक्स करून वाटली जातात. यानंतर 'काय जाणवले' हा प्रश्न क्रमाने विचारला जातो. ज्याचे हात गरम झाले त्याच्यात ऊर्जा वाहू लागली. ज्याचे गार पडले त्याच्यातून नकारात्मकता बाहेर गेली. ज्याला मुंग्या आल्या त्याचे चक्र उघडले. आणि ज्याला काहीच जाणवले नाही त्याच्यात ऊर्जा इतक्या खोलवर काम करीत आहे की ती वर दिसत नाही. अनुत्तीर्ण होण्याची कोणतीही तरतूद नसलेली ही बहुधा भारतातील एकमेव परीक्षा होय.

इतिहासाकडे वळल्यास असे दिसते की उसुई यांनी १९२२ मध्ये टोकियोत संस्था काढली, १९२६ साली ते वारले, आणि टोकियोतील साइहोजी मंदिरात १९२७ मध्ये उभारलेल्या स्मृतिशिलेवर त्यांच्या शिष्यांची संख्या दोन हजारांवर असल्याचे कोरलेले आहे. त्यांचे शिष्य चुजिरो हायाशी हे नौदलातले माजी अधिकारी; आणि हायाशींच्या शिष्या हवायो ताकाता, हवाई बेटांवर १९०० साली जन्मलेल्या जपानी वंशाच्या विधवा, यांनी ही विद्या अमेरिकेत रुजवली. उसुई हे क्योतोच्या दोशिशा विद्यापीठातले ख्रिस्ती आचार्य होते, असे ताकाताबाई सांगत. पुढे शोध घेणाऱ्यांना विद्यापीठाच्या दप्तरी तशी नोंद आढळली नाही. पण ताकाताबाईंची खरी कामगिरी दरपत्रकात आहे. मास्टर होण्याचे शुल्क त्यांनी दहा हजार डॉलर ठेवले आणि त्याला एका कथेचा आधार दिला: उसुईंनी भिकाऱ्यांच्या वस्तीत फुकट उपचार केले, बरे झालेले लोक पुन्हा भीक मागू लागले, आणि जे फुकट मिळते त्याची किंमत राहत नाही, हा बोध उसुईंना झाला.

येथे महाराष्ट्राच्या परंपरेशी थेट विरोध उद्भवतो. विंचू उतरवणारा, कावीळ झाडणारा किंवा दृष्ट काढणारी आजी यांच्याबाबत कोकणापासून विदर्भापर्यंत समजूत अशी की मंत्राचे पैसे घेतले तर मंत्र चालेनासा होतो. फार तर नारळ. म्हणजे एकाच 'ऊर्जेचे' दोन नियम संभवतात: मराठी ऊर्जा पैसे घेतल्याने मरते आणि हवाईची ऊर्जा पैसे न घेतल्याने. दृष्टीची प्रक्रिया येथे विस्ताराने नोंदवणे इष्ट, कारण शहरी वाचक ती 'लेव्हल झीरो' समजून विसरत चालला आहे. मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन ती मूठ बाधिताच्या डोक्यापासून पायांपर्यंत ओवाळायची, ओठांत काही पुटपुटायचे आणि मग ती विस्तवात टाकायची. मिरचीचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती आणि ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती. उपचाराचा निकाल उपस्थितांच्या घशावरून पडताळता येतो, एवढ्यापुरती ही पद्धत रेकीहून अधिक शास्त्रीय मानावी लागते.

ताकाताबाईंनी १९८० मध्ये निधनापूर्वी बावीस मास्टर घडवले. प्रत्येक मास्टरने गुरूचाच कित्ता गिरवून बावीस मास्टर घडवले असे धरल्यास दुसऱ्या पिढीत ४८४, तिसरीत १०,६४८, चौथीत २,३४,२५६ आणि पाचवीत ५१,५३,६३२ मास्टर होतात. म्हणजे पाचव्या पिढीत मीरा-भाईंदरची २०११ ची लोकसंख्या, तान्ही मुले आणि वॉचमन धरून, सहा वेळा मास्टर होऊन संपते. मास्टरला मास्टरची गरज नसल्यामुळे रुग्ण उरत नाही, आणि रुग्ण उरला नाही हेच उपचार यशस्वी झाल्याचे लक्षण मानता येते. भिशी, चेन मार्केटिंग आणि गुरुपरंपरा यांतील सीमारेषा पुसट असल्याचा आक्षेप काही संशयखोर घेतात. पण भिशीत निदान आपला नंबर लागल्यावर पैसे हाती येतात. या विद्येची मागणी बरे होण्यासाठी असते हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. शिबिरास येणाऱ्या गृहिणीला, निवृत्त कारकुनाला आणि नोकरी गेलेल्या मार्केटिंगवाल्याला हवे असते ते व्हिजिटिंग कार्ड, आणि त्यावर स्वतःच्या नावाआधी एखादी पदवी.

दुसऱ्या पायरीवरील दूरस्थ उपचार, म्हणजे समोर नसलेल्या व्यक्तीला तिच्या फोटोवरून ऊर्जा पाठवणे, हा भाग शिष्यांना सर्वांत अद्भुत वाटतो. काशीमीरा-मीरा रोडच्या जुन्या रहिवाशांना तो तसा वाटण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड भागातील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा असे उघड झाले की येथे बसलेली मुले अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी म्हणून फोन करीत आणि समुद्रापलीकडच्या माणसांच्या छातीत धडकी भरवून त्यांच्याकडून डॉलर काढीत. स्पर्श नाही, दर्शन नाही, आणि परिणाम तत्काळ व मोजता येण्याजोगा. दूरस्थ विद्येचा इतका ठोस पुरावा रेकीच्या वाङ्मयात अन्यत्र सापडत नाही.

पुराव्याचा विषय थोडक्यात आटोपता येतो, कारण पुरावाच थोडका आहे. रेकीची अमेरिकी सख्खी बहीण म्हणजे 'थेराप्यूटिक टच', ज्यात परिचारिका रुग्णाच्या शरीराभोवतीचे ऊर्जाक्षेत्र हातांनी चाचपतात. एमिली रोझा या मुलीने वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी एक पुठ्ठ्याचा पडदा घेतला, उपचारकांना त्यातून दोन्ही हात पुढे काढायला लावले, आणि आपण आपला हात त्यांच्या कोणत्या हातावर धरला आहे एवढेच ओळखायला सांगितले. २१ उपचारकांच्या २८० प्रयत्नांत बरोबर उत्तरे ४४ टक्के निघाली, म्हणजे नाणे उडवूनही याहून बरा निकाल लागला असता. हा प्रकल्प अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एप्रिल १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. रेकीवरील चाचण्यांचा आढावा घेऊन एडझार्ड अर्न्स्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, ती कोणत्याही आजारावर परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. शिबिरांवर यांपैकी कशाचाही परिणाम झाला नाही. ऊर्जेला शंका बाधत नाही असे मानले जाते, फक्त शंकेखोर हजर असताना ती येत नाही.

कायद्याची बाजू अधिक रंजक आहे. १९५४ चा औषधे व जादूटोणा उपाय अधिनियम ताईत, मंत्र, कवच आदींना 'जादूचे उपाय' म्हणतो आणि मधुमेह, कर्करोग यांसारखे अनुसूचीतले आजार त्यांनी बरे होतात अशी जाहिरात करण्यास मनाई करतो, तर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर महाराष्ट्राने केलेला जादूटोणाविरोधी कायदा साप-विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडे करणाऱ्यास गुन्हेगार ठरवतो. या दोहोंच्या कचाट्यातून शिबिराची पत्रके 'पूरक' या एका शब्दाच्या आधाराने बाहेर पडतात. 'बरे करतो' असे कोठेही छापलेले नसते. 'शरीराच्या स्वतःच्या उपचारशक्तीस पूरक' असे छापलेले असते, आणि तोंडी काय सांगितले जाते ते ऊर्जेप्रमाणेच अदृश्य राहते. हायवेपलीकडे डोंगराच्या कडेला माशाच्या पाड्यासारख्या वस्त्या आहेत. तशा पाड्यांवरील भगताला, म्हणजे देव-भुताचे करून आजार उतरवणाऱ्याला, असा शब्द कोणी शिकवलेला नसतो. तो तांदळाचे दाणे टाकतो आणि अंधश्रद्धाळू ठरतो. हायवेच्या अलीकडे अठराव्या मजल्यावर गुलाबी क्वार्ट्झचा खडा फिरवणारा 'होलिस्टिक' ठरतो. भगताकडे लॅमिनेशन नाही, हा त्याचा मूळ दोष.

तरीही शिबिरातून माणसे हलकी होऊन बाहेर पडतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पंख्याखाली तासभर पडून राहायला मिळणे, मोबाइल बंद असणे आणि कोणीतरी काहीही न मागता कपाळावर हात ठेवणे, या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडण्याची शक्यता मीरा रोडवरून रोज विरार लोकल पकडणाऱ्याच्या आयुष्यात फारशी नसते. स्पर्शाचा तुटवडा त्याला नाही. सकाळच्या फास्टमध्ये त्याला दहा दिशांनी हस्तोपचार मिळतात. पण त्या हातांपैकी एकाचेही लक्ष त्याच्याकडे नसते.

अभ्यासक्रमाचा प्रात्यक्षिक भाग रविवारी संध्याकाळी घरीच पार पडतो. नवदीक्षित सून सासूबाईंना पलंगावर निजवते, पुस्तिकेत पाहून डोळे, कान, गळा, छाती असे क्रमाने हात ठेवते, आणि प्रत्येक जागी मोबाइलवर तीन मिनिटांची घंटा लावते. चौथ्या घंटेला सासूबाई घोरू लागतात. तासाभराने त्या उठतात, बरे वाटले म्हणून सांगतात, सुनेचा उतरलेला चेहरा पाहतात आणि दोन दिवस परक्या घरी डोळे मिटून बसल्यामुळे हिला कुणाची तरी लागली, असे निदान करून स्वयंपाकघरात जातात. मीठ, मोहरी आणि पाच सुक्या मिरच्यांची मूठ सात वेळा उतरून गॅसवरच्या तव्यात पडते, मोहरी तडतडते, आणि ठसका लागतो की नाही इकडे दोघी श्वास रोखून लक्ष देतात. पण वरचा एक्झॉस्ट फॅन बंद करायचा राहून गेल्यामुळे निष्कर्ष त्याही दिवशी हाती लागत नाही.