अपयशाचा आश्रयदाता

वृत्तपत्रातील चित्रपट्टी, म्हणजे चार-पाच चौकटींत रोज उरकायची विनोदी चित्रकथा, वाचकांना रुचली नाही तर बंद पडते, हा व्यवसायाचा नियम जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’ने १९१३ ते १९४४ अशी तब्बल तीन दशके धाब्यावर बसवला. तिचे कथानक इतकेच, की मांजर उंदरावर प्रेम करते, उंदीर तिच्या डोक्यात वीट घालतो, ती त्या विटेलाच प्रेमाचा निरोप समजते आणि तिच्यावर जीव असलेला पोलीस कुत्रा उंदराला तुरुंगात टाकतो. पुढच्या अंकात नवी वीट तयार असते. यातला विनोद बहुसंख्य वाचकांना कळेना आणि अनेक संपादकांना ही पट्टी नकोशी झाली. मात्र वृत्तपत्रसाखळीचे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना ती आवडत असल्याने संपादकांचे मत विचारात घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. सनसनाटी बातम्यांनी लोकरुचीला खतपाणी घालणाऱ्या गृहस्थांनी लोकांना न रुचणारी कलाकृती पोसावी, हा त्या पट्टीबाहेरचा विनोद अधिक सरस म्हणावा लागेल. १९२४ मध्ये समीक्षक गिल्बर्ट सेल्डिस यांनी तिला श्रेष्ठ कलेच्या पंक्तीत बसवले, त्यामुळे ती न वाचताही तिची स्तुती करण्याची विद्वानांची सोय झाली. हेरिमन यांच्या निधनानंतर ती बंद झाली आणि मग अभिजात ठरली. तात्पर्य, अभिजात होण्यासाठी प्रतिभा लागतेच. परंतु तोवर तग धरायचा, तर मालक हट्टी असावा लागतो.